विहीर पाडताना

वीस फूट तोंड आणि चाळीस फूट खोली. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या कोणत्याही वाडीत विहिरीचं माप विचारलं, तर उत्तर याच्याच आसपास येतं. मीटरमध्ये सांगायचं तर साधारण सहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल. एवढ्या खड्ड्यातून सुमारे ३४० घनमीटर माती, मुरूम आणि दगड बाहेर काढावा लागतो, म्हणजे वजनात सात-आठशे टन. शेत रस्त्याला लागून असेल तर पोकलेन येतं आणि वरचा मऊ भाग बघता बघता उकरून देतं. पण अकोले, जुन्नर, भोर किंवा पलीकडच्या जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर बऱ्याच ठिकाणी यंत्र पायथ्याशीच अडतं. तिथून पुढे यारीचे, म्हणजे दगडाचा डबा वर ओढणाऱ्या यंत्राचे, सुटे भाग ट्रॉलीतून, नाहीतर चक्क खांद्यावरून वर न्यायचे, शेतात जोडायचे आणि उरलेलं काम पहार, टिकाव आणि घमेल्याच्या भरवशावर करायचं.

बोअरवाल्याची गाडी कशीबशी पोहोचली, तर एका रात्रीत दोनशे फुटांचं भोक पाडून देते. मग एवढा उपद्व्याप कशासाठी? उत्तर एका साध्या आकड्यात आहे. साडेसहा इंची बोअर साठ मीटर खोल गेलं आणि तोंडापर्यंत भरलं, तरी त्या नळीत मावतं जेमतेम १,३०० लिटर पाणी. सहा मीटर रुंदीच्या विहिरीत तीन मीटर पाणी उभं असेल, तर साठा होतो जवळपास ८५,००० लिटर. महाराष्ट्रातल्या खडकात पाणी असतं, पण ते हळूहळू सुटतं. रात्रभर थेंबाथेंबानं येणारं पाणी धरून ठेवायला रुंद भांडं लागतं. उथळ विहिरीकडे पाणी शोधण्याचं भोक म्हणून न पाहता साठवणीचं भांडं म्हणून पाहिलं, की तिची जागा, रुंदी, खोली आणि बांधकाम यांविषयीचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

हा खडक म्हणजे काळा बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळत राहिला, एकावर एक थर साचत गेले, आणि आज राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग त्याच थरांवर उभा आहे. प्रत्येक थराचा तळ घट्ट, गुळगुळीत आणि बहुतेक निर्जळ असतो. माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी-हिरवी खनिजं भरली. हा माथा कुजला की त्याचा मांजऱ्या होतो, आणखी कुजला की मुरूम. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. त्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही, त्याच्या डोक्यावरून आडवं सरकतं. कोरडा असताना हा पट्टा विटेसारखा कडक वाटतो. ओला झाला की फुगतो आणि ढासळतो. विहीर खणणारे त्याला वचकून असतात ते उगाच नाही.

पाणी मावतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या फटींत, तेही फार नव्हे. १०० घनमीटर भिजलेल्या कुजक्या बसाल्टमधून उपशाला मिळतं एक ते तीन घनमीटर पाणी. मधला आकडा धरला आणि जमिनीखाली पाच मीटर जाडीचा भिजलेला थर आहे असं मानलं, तर एका हेक्टरखाली उपसण्याजोगं पाणी निघतं १० लाख लिटर. ऐकायला हे घबाड वाटतं. पण एक हेक्टर गव्हाला सहा-सहा सेंटिमीटरच्या पाच पाळ्या द्यायच्या म्हटलं, तर ३० लाख लिटर लागतात.

सगळा महाराष्ट्र असा नाही, हेही सांगायला हवं. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यांत गाळाचे जाड थर आहेत. तिथली विहीर वेगळी, आणि अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी लागूनही पिता येत नाही. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. तो चाळणीसारखा असल्यामुळे श्रावणात विहिरीतलं पाणी हातानं घेता येईल इतकं वर येतं आणि एप्रिलमध्ये तळ दिसतो. जव्हार-मोखाड्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण उतार तीव्र, मुरूम पातळ आणि खडकाखाली धरून ठेवायला जागाच नाही.

जागा ठरवायची वेळ आली की पाणाड्या येतो. तळहातावर आडवा नारळ ठेवून किंवा दुबेळकं फाटलेली ओली काडी दोन्ही मुठींत धरून तो शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला, काडी खाली वळली, की तिथे दगड ठेवायचा. शेतकरी विचारतो, "बाबा, किती लागंल?" उत्तर मिळतं, "चार परसावर दीड इंच, खाली गेलास तर दोन." परस म्हणजे पुरुषभर खोली, आणि इंच म्हणजे पाइपाच्या तोंडाचं माप, गावात पाण्याची आवक याच भाषेत मोजली जाते. काडी वळण्यामागे विज्ञान काहीच नाही. ती मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीनं वळते. तरीही पाणाड्याचं भाकीत पुष्कळदा खरं ठरतं. याचं एक कारण असं, की मुरमाची जाडी बरी असेल तर शेतात कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच. किती लागतं, हा खरा प्रश्न. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. उभा जन्म या कामात घालवलेला माणूस काडी हातात घेण्याआधीच उतार, झाडं, नाल्याचं वळण आणि शेजारच्या विहिरींचे काठ पाहून मोकळा झालेला असतो.

अशा खुणांची परंपरा जुनी आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात लिहिलेल्या बृहत्संहितेत एक अख्खा अध्याय भूगर्भातल्या पाण्यावर आहे. कोणत्या झाडाजवळ वारूळ असेल तर कोणत्या दिशेला, किती खोल पाणी, याची जंत्रीच तिथे सापडते. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला सुचवलं होतं, की पाणाड्यांकडून शेतं तपासून घ्यावीत, झऱ्यांच्या जागा गावाच्या नकाशावर नोंदवाव्यात आणि स्वतःच्या हिमतीवर विहिरी बांधणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत. गावोगावचा भूजल-नकाशा ही कल्पना मराठीत त्यांनी इतक्या आधी मांडली, याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. आज ती हजारो निरीक्षण विहिरींमधली पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते.

भूवैज्ञानिक शेतात आला तर जमिनीत वीज सोडून थरांचा विद्युतरोध मोजतो. ओला मुरूम कमी विरोध करतो, सुका कातळ जास्त. पण यंत्र लावण्याआधी तोही तेच पाहतो जे पाणाड्या पाहतो. डोंगराचा तीव्र उतार जिथे संपून जमीन सौम्य होते ती जागा चांगली, कारण तिथे मुरमाचा थर जाड असतो. माथ्यावरची जागा वाईट. नाल्याच्या अगदी पात्रात नको, पण काठापासून फार दूरही नको. उंबर, जांभूळ, अर्जुन भर वैशाखात हिरवेगार दिसत असतील तर मुळांना ओल मिळते आहे हे उघड. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून उभ्या भिंतीसारखे घट्ट दगडाचे पट्टे मैलोन्‌मैल गेलेले दिसतात. ते भूगर्भातलं पाणी बांधासारखं अडवतात, म्हणून विहीर पट्ट्याच्या वरच्या अंगाला घेतलेली बरी. आणि या सगळ्यावर कडी करणारा पुरावा म्हणजे शेजाऱ्याची विहीर. मे महिन्यात आसपासच्या पाच-सहा विहिरींमध्ये दोरी सोडून पाण्याची पातळी मोजली आणि त्यांच्या उघड्या भिंतींमधले थर पाहून ठेवले, तर फुकटात भूगर्भाचं पुस्तक वाचल्यासारखं होतं.

काम उन्हाळ्यात काढतात. मजूर मोकळे असतात हे एक. पण मुख्य म्हणजे वैशाखात पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं. दिवाळीनंतर खणलेल्या विहिरीला तीस फुटांवर पाणी लागलं म्हणून नारळ फोडून थांबणारे लोक एप्रिलमध्ये कपाळाला हात लावतात. ज्या विहिरीचा तळ उन्हाळ्यातल्या पातळीच्याही खाली आहे, तीच बारमाही.

वरची माती आणि मुरूम निघेपर्यंत काम वेगानं होतं. मांजऱ्या लागला की पहारीचे आवाज बदलतात आणि मग सुरुंगाची पाळी येते. ट्रॅक्टरला जोडलेला कॉम्प्रेसर काठावर धडधडत असतो, खाली दोघंतिघं गुडघाभर चिखलात उभे राहून दीड मीटर खोलीची पंधरा-वीस भोकं पाडतात. सायंकाळी परवानाधारक सुरुंगवाला जिलेटिनच्या कांड्या भरतो, वर ओली माती ठासतो, तारा जोडतो. "बार हाये, बार!" अशी आरोळी आजूबाजूच्या शेतांत फिरते, गुरं हाकलली जातात. आवाज होतो, दगडांचा पाऊस पडतो, धूर विहिरीतून सावकाश वर येतो. सकाळी पहिला माणूस खाली उतरतो तो दगड भरायला नव्हे. भिंतीवरचे सुटलेले धोंडे पहारीनं पाडणं आणि एखादा बार फसलेला आहे का ते बघणं, हे त्याचं काम. मग यारीचं इंजिन सुरू होतं आणि लोखंडी डबा खाली-वर करू लागतो. एका बारानं खोली वाढते दोन-तीन फूट. पिढ्यान्‌पिढ्या या कामात राबलेल्या वडार समाजातल्या जुन्या माणसांना पहारीच्या नादावरून पुढचा दगड कसा आहे ते कळतं.

या कामात माणसं मरतात, आणि बहुधा ठरावीक चुकांनी मरतात. काढलेल्या दगडांचा ढिगारा अगदी काठावर रचला की त्याच्या भारानं मुरमाची भिंत सुटते. डिझेल इंजिन विहिरीत उतरवलं की त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो. त्याला वास नाही, रंग नाही. जुनी, बंद पडलेली विहीर उपसायला उतरतानाही गुदमरण्याचा घोर असतो. जळता कंदील खाली सोडून पाहायची रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळतं, पण कार्बन मोनॉक्साइड असतानाही तो खुशाल जळत राहतो. बेशुद्ध पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच विहिरीत तिघं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कुणीही उतरू नये, एवढ्या एका नियमानं यातले बरेच जीव वाचले असते.

कुठे थांबायचं, हा प्रश्न सर्वांत अवघड. मुरूम संपला, मांजऱ्या संपला, झरे फुटले, आणि खाली एकसंध काळा पाषाण लागला. इथे शेतकऱ्याच्या मनात हमखास येतं की आणखी दहा फूट गेलो तर मोठा झरा लागेल. वर पाणाड्याचा 'दोन इंच'चा शब्द असतोच. घट्ट पाषाणात खर्च दुपटी-तिपटीनं वाढतो आणि पाणी बहुधा वाढत नाही. खड्डा खोल झाल्यानं साठा तेवढा वाढतो, पण तोच साठा वरच्या मऊ थरात तोंड रुंद करून कमी पैशांत मिळाला असता. रुंदीचंही एक गणित आहे. व्यास दुप्पट केला म्हणून झऱ्यांची आवक दुप्पट होत नाही. ती थोडीच वाढते. साठा मात्र चौपट होतो. म्हणून ज्या खडकात पाणी हळू सुटतं तिथे रुंद विहीर शहाणपणाची. साताऱ्याजवळ लिंब गावात अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आहे. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी तिची रचना. तिचं रेखीव बांधकाम पाहायला गर्दी होते, पण बारा मोटांना पुरेल एवढं पाणी एकाच वेळी धरणारं तिचं पोटही तितकंच पाहण्यासारखं आहे.

खोलीचा मोह टाळून एक उपाय करता येतो: आडवं बोअर. विहिरीच्या तळाजवळून मांजऱ्याच्या थरात आडवी भोकं मारली की दूरच्या फटी विहिरीला जोडल्या जातात. थर ओळखून मारली तर उपयोग होतो. चारी दिशांना अंदाजानं मारली तर पैसे जातात.

पहिल्या पावसाआधी वरचा मऊ भाग बांधून काढावाच लागतो, नाहीतर मृगाच्या सरींबरोबर महिन्याभराची कमाई पुन्हा विहिरीत. पूर्वी घडीव दगडाचं कोरडं बांधकाम होई. चुना नसल्यानं सांध्यांतून पाणी आपोआप झिरपे. आता सिमेंट-काँक्रीटची कडी ओततात. त्यात जागोजागी पाझरायला भोकं ठेवायची आणि कडीमागे माती न भरता खडी भरायची, हे विसरलं तर हौसेनं केलेलं बांधकामच झरे बुजवतं. खालच्या कातळाला बांधकामाची गरज नसते. काठावर कंबरभर उंच कठडा, भोवती बाहेरच्या बाजूला उतरता ओटा. ओढ्याचं गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडून 'पुनर्भरण' केल्याचं समाधान मानणारे आहेत. त्यातून गाळ आणि घाण तेवढी भरते. तसं करायचंच असेल तर आधी खडी-वाळूचा गाळणखड्डा हवा.

विहिरीला पायऱ्या नसाव्यात, उपसा दोरीनं किंवा पंपानं व्हावा, या आग्रहामागे एक मोठा धडा आहे. बारवांच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय टाकत, आणि नारूचा जंत त्या पाण्यात अळ्या सोडी. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं हा नारू निर्मूलनाच्या मोहिमेचा मोठा भाग होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पिण्याची विहीर संडास आणि गोठ्यापासून किमान पंधरा मीटर दूर हवी. फटींच्या खडकात त्याहून जास्त अंतर ठेवलेलं बरं, आणि वरच्या अंगाला असलेली उत्तम. निर्जंतुक करायला १,००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते, म्हणजे आपल्या ८५,००० लिटरला सुमारे २१० ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतायचं आणि तासभर थांबायचं.

विहीर झाली, मोटर बसली. पाच अश्वशक्तीचा पंप पंचवीस मीटर उंचीवर तासाला साधारण २५,००० लिटर फेकतो, तेव्हा ८५,००० लिटरचा साठा साडेतीन तासांत संपतो. खरी परीक्षा पंप बंद केल्यावर होते. गाठी मारलेली दोरी सोडून तासातासाला पाणी किती चढलं ते पाहायचं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तासाला दहा सेंटिमीटर पाणी चढलं, तर आवक झाली २,८०० लिटर. फेब्रुवारीत, एप्रिलमध्ये आणि मे महिन्यात ही मोजणी केली, की ऊस लावायचा की हरभरा, पाटानं द्यायचं की ठिबकानं, याचा निर्णय दोरीच करून देते. ही मोजणी करणारे शेतकरी मात्र फार थोडे.

पैशांचं पाहायचं तर रोजगार हमी योजनेतून सिंचन विहिरीला २०२२ मध्ये ४ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. किमान ०.४० हेक्टर सलग जमीन, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटर आणि दुसऱ्या विहिरीपासून १५० मीटर अंतर, अशा तिच्या अटी होत्या. यातली ५०० मीटरची अट १९९३ च्या भूजल कायद्यापासून चालत आलेली आहे. दीडशे मीटरच्या अटीचा हिशेब मात्र करून पाहावा. दर दीडशे मीटरवर एक विहीर म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सव्वादोन हेक्टर. गावात ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा दहावा हिस्सा मुरला, तर त्या सव्वादोन हेक्टरमध्ये वर्षाला मुरतं साडेतेरा लाख लिटर. त्यात गहू निघतो एकरभर. कागदावर नियम पाळूनही गाव कोरडं कसं पडतं, ते यावरून कळतं. तशात एकानं विहीर खोल केली की शेजारी आडवं बोअर मारतो, तिसरा दोनशे फुटांचं उभं बोअर घेतो, आणि उथळ विहिरींचं पाणी तिकडे ओढलं जातं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात रणदुल्लाबादनंही पुण्याच्या 'अॅक्वाडॅम' या भूजल-संस्थेच्या मदतीनं आपल्या खडकाचा अभ्यास करून तोच मार्ग धरला. तिथे एका विहिरीत अनेक घरांचे वाटे आहेत.

वाट्याची ही पद्धत जुनीच. भावाभावांत जमीन वाटली जाते, विहीर वाटता येत नाही. मग सातबाऱ्यावर 'विहिरीत चार आणे हिस्सा' अशी नोंद होते आणि चार आण्यांच्या मालकाला चार दिवसांतून एक दिवस पाण्याची पाळी मिळते. विजेचं वेळापत्रक मधे आलं की पाळ्या रात्री-अपरात्री सरकतात आणि भांडणं जुंपतात. अशा वेळी दिवाणी दावा लावण्याआधी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा उपयोगी पडतो: विहिरीच्या पाण्याचा वापर कुणी बेकायदा अडवला, तर तहसीलदार तो पुन्हा सुरू करून देऊ शकतो. अर्ज मात्र पाणी अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.